एनिड पर्स्लो बूट न काढता घरात शिरली तो दिवस

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा एनिड पर्स्लो न्याहारीचं अंडं उकडत होती. नदीखात्यातला माणूस बोलत होता. आधी त्यानं तिच्या तब्येतीची चौकशी केली, मग रविवारी सकाळी त्रास देतोय म्हणून दोनदा माफी मागितली, आणि मग म्हणाला, "मिस पर्स्लो, घाबरण्यासारखं काही नाही हं. पण तुमच्या खालच्या सहा घरांचा आज जरा विचार करून ठेवलात, तर ते काही वाईट होणार नाही."

तिनं गॅस बंद केला.

"साधारण कधीपर्यंत विचार करून ठेवू?" तिनं विचारलं.

"दुपारच्या आधी जमलं तर उत्तमच."

"फार आभारी आहे," एनिड म्हणाली. अंडं तसंच पाण्यात टाकून तिनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले.

दुसऱ्या कुठल्या मुलखात हाच माणूस फोनवर ओरडला असता, की बाई, बांध फुटणार आहे, माणसं हलवा. इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीच्या काठच्या नेदरफर्डमध्ये तसं कुणी ओरडत नाही. इथे 'पाहिजे' म्हणून, 'च' लावून बोलायचं ते केकच्या बाबतीत. "हा केक तुम्ही खाल्लाच पाहिजे." "एकदा चहाला यायलाच हवं हं तुम्ही." असं म्हणणारी बाई तुम्हाला जन्मात चहाला बोलावत नाही, आणि तुम्हीही वाट पाहत नाही. जिवावरची गोष्ट असली की मात्र आवाज खाली येतो आणि वाक्याच्या आजूबाजूला कापूस भरला जातो. 'जमलं तर', 'वाटलं तर', 'सवडीनं', 'वाईट होणार नाही'. इथे जन्मलेल्या माणसाला कापूस किती आहे यावरून आतली वस्तू किती जड आहे ते बरोबर कळतं. त्यामुळे नदीखात्याच्या माणसाचं एनिडला शंभर टक्के कळलं होतं.

कळायलाच हवं. एकतीस वर्षं ती गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पुढच्या खिडकीत बसली होती. लग्न केलं नाही, आईचं आजारपण काढलं, आणि गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी ऐकायला बोलावण्याचे फोन तिनं केले. या कामात तिचा हातखंडा होता. डॉक्टर येत गेले, जात गेले. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, मिस पर्स्लोंसारखं कुणी बोलूच शकत नाही, माणूस घाबरत नाही. निवृत्त झाल्यावर गावानं तिला पुराची वॉर्डन केलं ते त्याच गुणावर. वॉर्डन म्हणजे पगार नाही आणि अधिकारही नाही. एक पिवळं जाकीट, घरांची यादी, आणि तालुक्याच्या गावी झालेलं अर्ध्या दिवसाचं शिक्षण. त्या शिक्षणात एकच गोष्ट तीन तीनदा सांगितली होती: लोकांना हुकूम करायचा नाही, फक्त सुचवायचं. एनिडला ते ऐकून हसू आलं होतं. हुकूम तिनं मांजरालाही कधी केला नव्हता.

खालची सहा घरं विदी लेनमध्ये होती. एनिडचं स्वतःचं घर लेनच्या वरच्या तोंडाशी, उंचावर. तिथून रस्ता परातीसारखा खाली उतरायचा, आणि परातीच्या तळाशी, बांधाला लागून, सिरिल हेकॉक्सचं बैठं घर होतं. बैठं म्हणजे वर मजलाच नाही. पाणी आलं तर चढायला जागा नाही.

नऊ वाजता मॉरिस बीडो नावाचा शेतकरी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून लेनमध्ये आला. एकेका दारापाशी थांबून त्यानं विचारलं, येताय का. प्रत्येक दारातून एकच उत्तर आलं, "माझं काही नाही हो, आधी बाकीच्यांचं बघा." सहाही घरांनी आधी बाकीच्यांचं बघायला सांगितल्यामुळे मॉरिस रिकामी ट्रॉली घेऊन वर आला. त्यानं टोपी मागे सारली.

"सगळे बरे दिसतायत," तो एनिडला म्हणाला.

"पाणी कुठवर आलंय, मॉरिस?"

"बांधाच्या माथ्याला वीतभर कमी. जरा भरलीय नदी."

आता एनिडनं तिची खास युक्ती काढली. पहिल्या घरात जाऊन म्हणाली, "शेजारच्या मिसेस गफ एकट्या फार घाबरल्यात हो. त्या कुणाला म्हणणार नाहीत, पण तुम्ही सोबत गेलात तर त्यांना केवढा आधार होईल." मिसेस गफना जाऊन सांगितलं की पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याला सोबत हवीय, पण तो पडला मानी. अशी एकाला दुसऱ्याच्या गळ्यात घालत तिनं तासाभरात पाच घरं रिकामी केली. जो तो दुसऱ्यावर उपकार करायला म्हणून ट्रॉलीत चढला आणि वर, गावच्या हॉलमध्ये गेला. खोटं बोलली का? बोलली. पण पाच घरं रिकामी झाली.

सिरिलवर हे चालणार नाही हे तिला माहीत होतं. सिरिलला कुणाचीच सोबत नको होती. त्याची बायको आयव्ही जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत तो एनिडशी रोज बोलत होता. हवा कशी आहे, उद्या कशी असेल. त्यापलीकडे एक अक्षर नाही. मिस पर्स्लो, मिस्टर हेकॉक्स. रोज सकाळी टोपीला हात लावायचा. दोघांमध्ये जे होतं त्याचं नाव दोघांनीही कधी काढलं नव्हतं.

साडेदहाला तिनं त्याचं दार वाजवलं.

"या, या," सिरिल म्हणाला. "आताच चहा टाकला होता."

सत्त्याहत्तर वर्षांचा, ताठ, दाढी केलेला, टायसुद्धा बांधलेला. एनिडनं पायपुसण्यावर उभं राहून दोन्ही बूट काढले आणि नीट जोडीनं भिंतीशी ठेवले, कारण आतला गालिचा आयव्हीनं निवडलेला होता. पन्नास पावलांवर बांधामागे नदी घरघरत होती, आणि ही बाई मोजे घातलेल्या पायांनी, गालिचा मळू नये म्हणून, चवड्यांवर चालत आत गेली.

"साखर एकच ना?"

"एकच. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला. ओलसर आहे बाहेर."

"हो, जरा ओलसर आहे." एनिडनं घोट घेतला. चहा चटका देत होता, तरी तिनं भरभर प्यायला सुरुवात केली. "वरच्या हॉलमध्ये सगळे जमलेत. डॅफ्नी ऑलपोर्टनं केक केलाय. तुम्हाला वाटलं तर, म्हणजे सहज, दुपारच्या आधी येऊन गेलात तर मजा येईल."

सिरिलनं खिडकीबाहेर पाहिलं. "सत्तेचाळीस साली पाणी पायरीला लागलं आणि परत गेलं. मी शाळेत होतो. त्याच पायरीवर बसून पाहिलंय मी."

"हो, पण या वेळी म्हणे थोडं जास्त आहे."

"बघतो," सिरिल म्हणाला. "डोकावून जाईन."

डोकावून जाईन म्हणजे येणार नाही. हे एनिडला कळलं. तिला कळलं हे सिरिलला कळलं. आणि ती 'मजा येईल' म्हणाली म्हणजे परिस्थिती भयंकर आहे, हेही त्याला कळलेलं होतं. न कळण्यासारखं त्या खोलीत काहीच नव्हतं. या बोलण्याची गंमतच ही, की समोरच्याला निसटायला एक दार नेहमी उघडं ठेवलेलं असतं. सिरिल त्या दारानं शांतपणे निघून गेला आणि खुर्चीत बसून राहिला.

"दुसरा कप?"

एनिडनं दुसरा कप घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

बाहेर येऊन तिनं बूट चढवले. यादीत सहाव्या घरासमोर तिनं 'कळवले' या रकान्यात खूण केली.

हॉलमध्ये चहाचं मोठं भांडं उकळत होतं. माणसं खुर्च्या गोल मांडून बसली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला आधार द्यायला आलेला असल्यामुळे वातावरण फारच प्रसन्न होतं. डॅफ्नी ऑलपोर्ट ताटली घेऊन फिरत होती. "एनिड, हा आल्याचा केक तू खाल्लाच पाहिजेस. नाही ऐकणार मी!"

एनिडनं तुकडा हातात घेतला आणि दाराकडे पाहिलं. अकरा. साडेअकरा. बारा वाजले.

"सिरिल दिसत नाहीत," ती म्हणाली.

"येतील गं. सांगितलंयस ना तू?"

"सांगितलंय."

"मग झालं तर."

हे 'मग झालं तर' एनिडनं आधीही ऐकलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबरात. आयव्ही हेकॉक्सच्या तपासणीचा कागद तिच्यासमोर टेबलावर होता. वाचायचा नसतो, पण एकतीस वर्षांत डोळे आपोआप वाचतात. डॉक्टर घाईत होते. बोलावून घ्या म्हणाले, या आठवड्यातच. एनिडनं फोन लावला आणि तिच्या त्या नामांकित आवाजात सांगितलं. आयव्ही आली ती तीन आठवड्यांनी. तोवर आलुबुखारांचा मुरंबा करून चर्चच्या विक्रीसाठी साठ बरण्या भरून झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आल्या असत्या तर कदाचित. मग एनिडला म्हणाले, "तुम्ही कळवलं होतं ना? मग झालं तर."

आयव्ही नाताळ पाहू शकली नाही. सिरिलनं एनिडला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

साडेबाराला मॉरिस आत आला. चेहऱ्यावर पाणी निथळत होतं. "विदी लेनमध्ये थोडं ओलं झालंय," तो म्हणाला.

सगळ्यांना अर्थ कळला. पाणी बांधावरून आलं होतं.

"मॉरिस," एनिड म्हणाली, "तुम्हाला फार त्रास होणार नसेल, तर आपण सिरिलकडे एकदा—"

"जाऊ की. एवढा चहा संपवतो."

डॅफ्नीनं त्याच्या हातात वाफाळता कप दिलेला होता. मॉरिसनं फुंकर घातली. एनिड त्या कपाकडे पाहत राहिली. कप भरलेला होता. त्याला फुंकर घालत तो संपवायला चार मिनिटं लागली असती. ती चार मिनिटं तिला एकदम दिसली, एकेका सेकंदासकट.

तिनं तो कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

"आत्ता," ती म्हणाली. "ट्रॅक्टर चालू कर."

कुणीतरी चमचा पाडला. मॉरिस पन्नाशीचा, भला दांडगा माणूस. तो शाळेतल्या पोरासारखा उठला.

लेनच्या मध्यावर चाकं बुडू लागली. तपकिरी पाणी कुंपणांच्या खालून आवाज न करता घुसत होतं. आवाज नव्हता याचीच जास्त भीती वाटत होती. कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं आडवं वाहत गेलं. सिरिलच्या फाटकापाशी मॉरिस थांबला. "यापुढे नेलं तर इंजिन पाणी पिईल," तो म्हणाला. "दहा मिनिटं. फार तर."

एनिड उतरली. पाणी बुटांच्या काठाशी आलं, दोन पावलांत आत शिरलं. थंडीनं तिचा श्वासच अडकला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पायपुसणं तरंगत होतं. ज्या भिंतीशी तिनं सकाळी बूट ठेवले होते तिथे आता नडगीभर पाणी होतं. ती थांबली नाही. चिखलाच्या बुटांनी, आयव्हीच्या गालिच्यावरून, पाणी कापत सरळ आत गेली.

सिरिल खुर्चीत बसला होता. टाय तसाच. पाय एका स्टुलावर घेतलेले. त्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं.

"बूट," तो म्हणाला.

"काय?"

"बूट नाही काढलेत तुम्ही, मिस पर्स्लो."

"सिरिल, ऊठ."

थोबाडीत बसावी तसं त्यानं वर पाहिलं.

"मला वाटतं, अजून थोडी वाट पाहिली तर—"

"नाही. 'थोडी' नाही, 'तर' नाही, 'बरं' नाही. ऊठ, कोट घाल आणि चल."

बाहेर मॉरिसनं भोंगा वाजवला. एकदाच, अगदी हळू, माफी मागितल्यासारखा.

सिरिल हलला नाही. त्याचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते. "तिला असं का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

नऊ वर्षं दोघांच्या मध्ये पडून होतं ते हे. पाणी स्टुलाच्या पायांवर चढत होतं. तिला त्याची रेघ दिसत होती.

"काय म्हणाली होतीस फोनवर? शब्दन्‌शब्द सांग. मग उठतो."

"म्हणाले, आयव्ही, डॉक्टर म्हणत होते सवडीनं एकदा येऊन गेलात तर बरं. घाईचं काही नाही." ती थांबली नाही. "कागद माझ्यासमोर होता. घाईचं होतं. मला माहीत होतं. तरी मी तसं म्हणाले. सवयीनं म्हणाले."

सिरिलनं मान हलवली. "तिला कळलं होतं."

"काय?"

"फोन ठेवला आणि म्हणाली, सिरिल, काहीतरी वाईट आहे. एनिड फारच गोड बोलली." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "आणि मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, तुला वाटलं तर उद्या जाऊ. ती म्हणाली, मुरंबा होऊ दे. मी म्हणालो, तुझी इच्छा. तीन आठवडे रोज सकाळी वाटायचं, हिला दंडाला धरून गाडीत बसवावं. रोज म्हणायचो, तुझी इच्छा."

इथे काय म्हणायचं असतं ते एनिडला पाठ होतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्हाला काय कल्पना. एकतीस वर्षं ती वाक्यं तिनं खिडकीतून वाटली होती. पाणी खुर्चीच्या गादीला लागलं.

"दोष तुझा आहे," ती म्हणाली. "माझाही आहे. ते आपण हॉलमध्ये बसून वाटून घेऊ. आता ऊठ, नाहीतर मी तुला टायला धरून ओढीन."

सिरिल उठला.

उठता उठता त्यानं फळीवरून मुरंब्याची एक बरणी काढली. वर आयव्हीच्या अक्षरातली चिठ्ठी होती.

"ती ठेव खाली."

"नाही," सिरिल म्हणाला.

"मग खिशात घाल. हात मोकळे ठेव."

फाटकाशी प्रवाह लागला. एका पावलाला सिरिलचा पाय सुटला आणि तो कमरेइतक्या पाण्यात तिरका झाला. एनिडनं एका हातानं फाटकाचा खांब आणि दुसऱ्या हातानं त्याची कॉलर धरली. दोघंही तिथे लोंबकळत राहिली. तिची खांबावरची बोटं एकेक करून निसटत होती. "मॉरिस!" ती अशी ओरडली की लेनच्या वरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मॉरिस पाण्यात उतरला आणि त्यानं दोघांना बखोटीला धरून ट्रॉलीत टाकलं. ट्रॅक्टर उलटा वर चढला.

मग सिरिल दात वाजवत म्हणाला, "एवढंच सांगायचं होतं तर सकाळीच सांगायचं. दोन कप चहा फुकट गेला."

चार वाजता त्याच्या घराच्या खिडक्या अर्ध्या पाण्याखाली होत्या.

एनिडनं नदीखात्याला अहवाल लिहिला तो असा: 'एका रहिवाशाला थोडी मदत लागली.' गावात मात्र आठवडाभर तिला 'सार्जंट' म्हणत होते. तिला ते आवडलं नाही. पुढच्या रविवारी डॅफ्नीनं चर्चच्या फुलांचं काम तिच्या गळ्यात टाकलं तेव्हा ती "जमलं तर बघते हं" म्हणालीच. अडुसष्टाव्या वर्षी माणूस बदलतो वगैरे काही खरं नाही.

फक्त सिरिलशी ती तसं बोलू शकत नाही. त्याचं घर वाळेपर्यंत तो तिच्या अंगणापलीकडे एका भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये राहिला. कुंपणावरून दोघांचं चालू असे: "सिरिल, गटार तुंबलंय, काढ." "तू काढ." "तुझ्या बाजूला आहे." "बरं." मिसेस गफ सगळ्यांना हळूच सांगत होत्या की दोघांचं काहीतरी फार बिनसलंय.

मार्चमध्ये एके दिवशी तो बरणी घेऊन आला. बूट घालूनच आत आला, आणि तिनंही काही म्हटलं नाही. एनिडनं पाव भाजला. चाकूनं झाकण उघडावं लागलं. वरचा काळपट थर काढून दोघांनी खालचा मुरंबा पावाला लावला आणि एकेक घास खाल्ला.

"आंबट आहे," एनिड म्हणाली.

"साखर कमी. नेहमीच कमी घालायची."

"तिला सांगितलं नाहीस कधी?"

"चाळीस वर्षं," सिरिल म्हणाला. त्यानं आणखी एक घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि बरणी तिच्याकडे सरकवली. "खा."